हरलेलं ठेवायचं नाही

“आईंवर टाका,” वकीलबाई म्हणाल्या आणि चष्मा काढून रुमालाने पुसायला लागल्या. “कंपनी त्यांच्या नावावर. सह्या त्यांच्या. जाहिरातीत तोंड त्यांचं, आवाज त्यांचा. आणि मुख्य म्हणजे…” इथे त्या थांबल्या. तेवढी तरी लाज त्यांना होती.

“मुख्य म्हणजे ती मेलीय,” शहाण्याने वाक्य पुरं केलं.

“मी ‘गेल्यात’ म्हणणार होते.”

“अर्थ तोच ना?”

“अर्थ तोच, पण न्यायाधीशांसमोर ‘गेल्यात’ म्हणा. बरं दिसतं.” त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. “हे बघा, गेलेल्या माणसाला कुणी तुरुंगात टाकत नाही. तुम्हाला मात्र टाकतील. सरकारी वकील एकच प्रश्न विचारणार, जाहिरातीत काय बोलायचं ते कोण ठरवायचं? तुम्ही म्हणायचं, कंपनीच्या संचालक, म्हणजे आई. मी फक्त कॅमेरा धरायचो. बस्स. जमेल?”

शहाण्याने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर वकीलबाईंच्या पदव्या टांगलेल्या होत्या आणि त्यांच्याखाली प्लॅस्टिकचं एक झाड धूळ खात उभं होतं. या झाडालाही कुणीतरी ‘घरात हिरवाई आणा’ म्हणून विकलं असणार, असं त्याच्या मनात आलं. धंद्याची सवय जात नाही.

“जमेल,” तो म्हणाला.

शहाण्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव आरोपपत्रावर होतं. शहाण्या हे आईने ठेवलेलं. लहानपणी तो प्रत्येक वाक्याला ‘पण का?’ विचारायचा तेव्हा ती म्हणायची, “आला मोठा शहाणा.” पुढे ‘आला’ आणि ‘मोठा’ गळून पडले आणि हाक तेवढी उरली. ‘ए शहाण्या’ म्हणताना ती ‘ए’ लांबवायची, दोऱ्याचं रीळ हातातून सुटून घरंगळत जावं तशी. ही हाक ऐकून वर्ष होऊन गेलं होतं.

बाप कपडे आल्टर करणारा. नवे शिवायचे दिवस गेले, आता लोकांच्या पँटी आखूड करायच्या, ढगळ शर्ट आत घ्यायचे, चेन बदलायच्या. आई काजं-बटणं आणि तुरपाई करायची. दुकान खाली, घर वर, मधे अंधारा जिना. दुकान चालत नव्हतं तेव्हा कॉलेज बुडवून बसलेल्या शहाण्याने फोनवर एक जाहिरात टाकली होती : ‘पोट वाढलंय? लाजू नका. पोट तुम्ही सांभाळा, पँट आम्ही सैल करतो.’ आठवडाभरात दुकानाबाहेर पोटं उभी राहिली. बाप म्हणाला, “अरे, हे लोक आतापर्यंत कुठे होते?” आई म्हणाली, “श्वास रोखून बसले होते.”

तिथून सुरुवात झाली. शेजारचा चपलांचा दुकानदार आला, मग दातांचा डॉक्टर आला, मग गाद्या विकणारा. शहाण्याला लोकांची दुखरी नस सापडायची. कुणाला कशाची लाज वाटते, कोण कशाला घाबरतं, हे त्याला वासावरून कळायचं. या गुणाला पूर्वी भोचकपणा म्हणायचे, आता बुद्धिमत्ता म्हणतात आणि तिला काचेचं ऑफिस देतात. कंपनी काढायची तर त्याचं वय कायद्याने थोडं कमी पडत होतं. म्हणून आईला संचालक केलं. पेन्सिलीने फुली मारली होती तिथे तिने सह्या केल्या, जीभ दातांत धरून, सुईत दोरा ओवताना धरायची तशी. नंतर वय भरलं, पण नाव बदलायचं राहून गेलं. यश मिळायला लागलं की माणसाच्या अशा बऱ्याच गोष्टी राहून जातात.

मग वर्तमानपत्रात फोटो. मग बापाच्या वयाची माणसं वही-पेन घेऊन समोर आणि हा त्यांना ‘ग्राहकाचं मन’ या विषयावर उपदेश करतोय. पोराच्या नाकाखाली अजून मिशी धड फुटली नव्हती!

ऑफिसात त्याचा एक नियम होता आणि तो त्याने काचेवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतला होता : हरलेलं ठेवायचं नाही. म्हणजे असं. एका जाहिरातीचे तीस-पस्तीस नमुने करायचे. एकात बाई हसते, एकात रडते, एकात पाठमोरी. प्रत्येक नमुना थोड्या थोड्या लोकांच्या फोनवर सोडायचा आणि संध्याकाळी बघायचं, लोकांनी कुठला जास्त दाबला. तो जिंकला. तो लाखो लोकांपुढे जायचा. बाकीचे सगळे पुसून टाकायचे, मूळ चित्रणासकट. का, तर पोरं आळशी असतात, पडलेला माल पुन्हा पुन्हा वापरतात. “कचरा जपणारा कचऱ्यातच राहतो,” असं शहाण्या भाषणात सांगायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे.

गुडघ्याचं मलम घेऊन एक माणूस आला तेव्हा धंदा ऐन भरात होता. त्या मलमात काय आहे, हे शहाण्याने विचारलं नाही. ‘ते विचारणं माझं काम नव्हतं,’ असं तो नंतर तपास अधिकाऱ्यांना म्हणाला. जगातले सगळे हुशार लोक हे वाक्य नंतरच म्हणतात.

भाड्याने आणलेल्या बायका जाहिरातीत खोट्या वाटत होत्या. दात फार पांढरे, दुखणं फार सुंदर. तेव्हा तो कॅमेरा घेऊन घरी गेला आणि आईला मशिनपुढच्या स्टुलावर बसवलं. अख्खी दुपार तिच्याकडून तेच ते बोलून घेतलं. ती चुकली, हसली, चिडली, मधेच उठून दाराशी आलेल्या गिऱ्हाइकाची पँट घेऊन आली. संध्याकाळी एक नमुना जिंकला. सात सेकंदांचा. त्यात आई कॅमेऱ्याकडे ताठ बघत, शाळेत धडा म्हणावा तशी म्हणते, “तीन आठवड्यांत मी जिने चढू लागले.” बाकीचे सगळे त्याच रात्री पुसले गेले. नियम म्हणजे नियम.

मलम धो धो खपलं. आईला रस्त्यात बायका गाठायला लागल्या. “खरंच हो, ताई?” त्यांच्यासमोर ती सरळ चालायची. कोपऱ्यापर्यंत ताठ, आणि कोपरा वळला की भिंतीला हात. एकदा शहाण्याने तिला जिन्यात बसून गुडघे चोळताना पाहिलं.

“काय झालं गं?”

“काही नाही. दुनियेला लागू पडलं, मलाच मेलीला पडत नाहीये. माझंच काहीतरी चुकत असेल लावण्यात.”

तो तिच्या बाजूने उडी मारून वर गेला. घाईत होता.

एका सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. गुडघ्यांचा काही संबंध नाही, हे शहाण्याने त्यांना दोनदा विचारून घेतलं.

तिच्यानंतर काही महिन्यांनी तक्रार झाली. एक टपालवाली बाई होती, पायी फिरून पत्रं वाटणारी. गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरलेली होती, ती तिने पुढे ढकलली आणि मलम चोळत बसली. गुडघा कायमचा गेला आणि तिची टपालाची फेरीही गेली. मलमात मेण आणि वास, एवढंच निघालं. मलमवाला पळून गेला, आणि शहाण्याच्या काचेच्या ऑफिसला बाहेरून सील लागलं. टाळ्या वाजवणारे हात खिशात गेले. ज्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले होते, त्यांनी ते फोटो कापून त्यातून त्याला वगळलं.

हे सगळं त्याने सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते दुसरंच. आई फोनवर येत होती. जिंकलेला नमुना लोकांनी चोरला होता आणि कुणाकुणाच्या धंद्याला लावला होता. तो बातमी वाचायला जायचा आणि मधेच आई ताठ बसून म्हणायची, “तीन आठवड्यांत मी जिने चढू लागले.” पहिल्यांदा तो धावत बापाला दाखवायला गेला होता. मग त्याच्या लक्षात आलं की ही आई नाहीच. आई असं बोलायचीच नाही. ‘चढू लागले’ म्हणे! ती ‘चढायला लागले’ म्हणायची. हे शब्द त्याचे होते, मान त्याने ताठ करायला लावली होती. साऱ्या जगात आईचा आवाज म्हणून एवढंच शिल्लक होतं, आणि त्यात आईचं काहीच नव्हतं. लग्नाचे मुके फोटो होते. आवाज नव्हता. जी बाई रोज समोर बोलते तिचं चित्रण कोण करून ठेवतं?

त्याने कात्रीला गाठलं. कात्री म्हणजे त्याच्या ऑफिसात चित्रणं कापून जोडणारी मुलगी. आता ती दुसरीकडे नोकरीला होती आणि बाहेरच्या बाकावर डबा खात होती.

“मालक, तुम्ही? उभे का? बसा. जामिनावर असताना बसता येतं ना?”

“टोमणे नंतर मार. मलमाची ती दुपार आठवते? आईची?”

“आठवते की. काकूंनी मला बटण लावून दिलं होतं, कॅमेरा चालू असताना.”

“ते आहे कुठे? एखादा तुकडा? तुझ्या फोनमध्ये, जुन्या मशिनवर, कुठेतरी?”

कात्रीने डब्याचं झाकण लावलं. “मी त्या रात्री विचारलं होतं तुम्हाला. म्हटलं, मालक, हे काकूंचं आहे, घरी तरी ठेवा. तुम्ही काय म्हणालात?”

शहाण्या बाकाचा रंग नखाने खरवडायला लागला.

“काचेकडे बोट दाखवलंत.”

“अगं, पण तू ऐकायला नको होतंस!”

“वा रे वा! चार पोरांना न ऐकल्याबद्दल काढलं होतंत, ती काय मंगळावरची होती?” तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. “नाही हो मालक. सगळं पुसलं. मीच पुसलं. एकात त्या खूप हसल्या होत्या, तो मी दोनदा बघितला आणि मग पुसला.”

तो उठला तेव्हा तिने त्याला अर्धी पोळी देऊ केली. त्याने ती घेतली आणि चालत चालत खाल्ली. दिवसभरात पोटात गेलेलं तेवढंच.

दुकानात बाप एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या बाह्यांना टाचण्या लावत होता. तोंडात टाचण्या असल्या की बाप निम्मंच बोलतो, आणि बायको गेल्यापासून तो दिवसभर तोंडात टाचण्या ठेवायला शिकला होता. शहाण्याने वकीलबाईंचं बोलणं सांगितलं. त्याला वाटलं, बाप आता कात्री फेकून मारेल. मारायलाच हवी होती.

बापाने टाचण्या एकेक काढून उशीला खोचल्या.

“टाक तिच्यावर,” तो म्हणाला.

“बाबा!”

“ओरडू नकोस. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तू चढलास, आता उतरायचं बघ. तिला काय होणारे? तिच्या नावाला लोक चार दिवस नावं ठेवतील. ती असती तर स्वतःच म्हणाली असती, घाला माझ्यावर आणि पोराला घरी आणा.”

“म्हणून घालायचं?”

“हो, म्हणून घालायचं. तुझा मोठेपणा मला नको. तो बघून झाला माझा, काचेतला.” बापाने कोट झटकला. “एक गेली. तू आत गेलास तर मी भांडू कुणाशी? या कोटाशी?”

शहाण्या वर जाऊन आडवा पडला आणि छताकडे बघत पाठ करायला लागला. संचालक म्हणून आई ठरवायची. मी फक्त कॅमेरा धरायचो. नवव्या-दहाव्या वेळेला वाक्य गुळगुळीत झालं. कुठल्याही वाक्यातला खडा चोळून चोळून घालवता येतो, हे तर त्याच्या धंद्याचं मूळच होतं.

सुनावणीच्या दिवशी बाप इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या बाकावर बसला. टपालवाली काठी टेकत साक्षीला आली. तिला खुर्ची दिली तर ती म्हणाली, “नको, बसले की उठायला दोन माणसं लागतात. उभीच बरी.”

सरकारी वकिलाने विचारलं, “डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती. मग जाहिरातीवर विश्वास का ठेवलात?”

“जाहिरातींवर मी ठेवत नाही हो. रोज पिशवीभर जाहिराती वाटायचे मी, मला माहीत नाही का त्यांची लायकी? पण ही तशी नव्हती. त्या बाई आणि त्यांचा मुलगा बोलत होते आपसात. मी ती फोनमध्ये ठेवून दिली. दमले की बघायचे. चांगल्या होत्या बाई. आणि मला वाटलं, माणूस जगाला फसवेल, आईला कशाला खोटं सांगेल?”

शहाण्याने मान वर केली. आपसात? सात सेकंदांच्या त्या नमुन्यात मुलगा नव्हताच. वकीलबाईंनी कागद चाळले. कागदांत ‘तक्रारदाराच्या फोनमधील चित्रफीत’ एवढंच होतं. साऱ्या जगाने पाहिलेली ती एकच, असं धरून ती उघडून बघायची तसदी कुणी घेतली नव्हती. त्यांनीही नाही, त्यानेही नाही.

कारकुनाने वायर जोडली. पडद्यावर दुकान आलं. मशिन आलं. स्टुलावर आई.

पुसलेल्यांपैकी एक. त्या दुपारी थोड्या थोड्या लोकांच्या फोनवर सोडलेल्या नमुन्यांपैकी एक या बाईच्या वाट्याला आला होता. लोकांनी दाबला नाही म्हणून तो संध्याकाळी मेला, आणि ही बाई त्याला खिशात घेऊन गल्लोगल्ली फिरत राहिली.

“बोलू का?” पडद्यावरची आई म्हणाली. “मी हे मलम लावलं आणि तीन आठवड्यांत… तीन आठवड्यांत…” तिला हसू फुटलं. खांदे हलायला लागले. “विसरले बघ! ए शहाण्या, पुढे काय रे?”

‘ए’ लांबलं. न्यायालयाच्या त्या उंच खोलीत घरंगळत गेलं. शहाण्याने पिंजऱ्याचा कठडा धरला.

“खरंच बरं होतं ना रे याने?” आई हसू पुसत म्हणत होती. “नाहीतर बायका मला रस्त्यात गाठतील.”

आणि कॅमेऱ्याच्या मागून एक तरुण, घाईतला, गुळगुळीत आवाज आला, “होतं गं आई. मी तुला खोटं सांगेन का?”

सरकारी वकिलाने हात वर केला. कारकुनाने चित्र थांबवलं. आई तोंड अर्धं उघडं ठेवून थांबली.

“हा दुसरा आवाज कुणाचा?”

वकीलबाई वळून त्याच्याकडे बघत होत्या. ओठ न हलवता त्या सांगत होत्या, ‘ओळखता येत नाही म्हणा.’ पाठ केलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. शहाण्याला ते बोलताही आलं असतं. पण समोर ती तोंड उघडं ठेवून थांबली होती, आणि त्याला तिचं पुढचं ऐकायचं होतं.

“माझा,” तो म्हणाला.

“आणि जाहिरातीत काय बोलायचं ते कोण ठरवायचं?”

“मी. सगळं मी. तिने मला विचारलं, मी तिला थाप मारली, तिने ती खरी मानली. मलमात काय आहे ते तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, पण मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. संचालक वगैरे नुसत्या फुल्या होत्या, मी पेन्सिलीने मारलेल्या.”

वकीलबाईंनी फाइल मिटली. मागच्या बाकावर बापाने मान खाली घातली. टपालवाली काठीवर दोन्ही हात ठेवून शहाण्याकडे बघत होती. त्या बघण्यात क्षमा बिमा काही नव्हती, आणि असावी तरी का?

न्यायाधीश लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, “चित्रफीत संपली?”

“नाही साहेब,” कारकून म्हणाला. “थोडी आहे. पुढे काही विशेष नाही.”

“पुरावा आहे. पूर्ण दाखवा.”

आई पुन्हा हलली.

“मग झालं,” ती म्हणाली. “तू सांगतोस ना, मग झालं.” तिने गुडघ्यावरून हात फिरवला आणि पुढचं वाक्य बोलायला ताठ बसली. मग एकदम तिचं नाक फेंदारलं, मान जिन्याकडे वळली आणि घरातल्या मोठ्या आवाजात, कॅमेरा, मलम, सगळं विसरून ती ओरडली, “अहो! दूध बघा! उतू चाललंय!”

मागच्या बाकाचा आवाज झाला. शहाण्याने वळून पाहिलं. बाप उठून उभा राहिला होता. एक पाऊल बाकाबाहेर पडलेलं, हात पुढे. पडदा काळा झाला होता, शिपाई त्याला बसायची खूण करत होता, शेजारचा माणूस शर्ट ओढत होता. बाप काही बसला नाही. तो तिथेच उभा होता, जायचं कुठे ते न कळून.